भूमध्य समुद्राच्या काठावरून

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



गेल्या मे महिन्यात मी व माझी सौभाग्यवती अशी उभयता फ्रान्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर तीन आठवडे राहून आलो, ही वार्ता चिटणीसांच्या कानी गेली आणि ‘प्रवासासंबंधी चार शब्द’ बोलण्याची मला आज्ञा झाली. मी पेशाने शाळामास्तर. भूगोल शिकविण्यात माझी हयात गेली. ‘भूमध्य समुद्रीय हवामानाची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न मी किती परीक्षांत घातला असेल याची गणती नाही. उन्हाळा कोरडा, हिवाळा पावसाळी. पिके : द्राक्षे, ऑलिव्ह, लिंबे व अंजीर. एवढे लिहिणाऱ्या मुलाला मी पुरते गुण देत असे. परंतु तो समुद्र मुलानेही पाहिलेला नसे आणि मास्तरानेही नसे. सत्तरीच्या उंबरठ्यावर तो पाहण्याचा योग आला.

मात्र आज केवळ प्रवासवर्णन करून मी खाली बसणार नाही. शेवटी मंडळापुढे मला एक विनंती ठेवावयाची आहे. ती आधीच सांगून टाकली तर आपण प्रवास ऐकणार नाही; म्हणून क्रमाक्रमाने येतो.

आमची धाकटी कन्या तेथील विद्यापीठात समुद्रातील जीवांविषयी संशोधन करते. पाच वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा तिला निरोप देण्यास तिची आई विमानतळावर गेली. मी गेलो नाही. विचारणाऱ्यांना मी गुडघेदुखीचे कारण सांगितले. खरे कारण असे की, अविवाहित मुलगी एकटी सातासमुद्रापलीकडे जाणार, आणि ज्ञातीतील चार माणसे काय म्हणतील, हे शल्य माझ्या मनात होते. चार माणसांपैकी एकानेही मला प्रत्यक्षात काही म्हटले नाही, हे आज येथे कबूल करणे भाग आहे. जे काही म्हणावयाचे ते मीच त्यांच्या वतीने स्वतःला म्हणत होतो. पाच वर्षे मुलीने बोलावले आणि पाच वर्षे मी सबबी सांगितल्या. अखेर गेलो, त्याला एक कारण घडले. तेही पुढे येईल.

ज्या शहराला आपण पुस्तकांतून मार्सेलिस म्हणत आलो त्याला तेथील लोक मार्सेय म्हणतात. इसवी सनापूर्वी सुमारे सहाशे वर्षे, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील फोकिया नगरातील ग्रीक दर्यावर्दी येथे येऊन राहिले. तेव्हापासून हे बंदर अखंड नांदते आहे. तीन बाजूंनी शहर आणि चौथ्या बाजूस समुद्राचे तोंड, असे ते जुने बंदर एखाद्या प्रचंड कुंडासारखे दिसते. रामकुंडाच्या पायऱ्यांवर ज्यांचे बालपण गेले त्यांना ही तुलना सुचल्यावाचून राहत नाही. सकाळी धक्क्यावर कोळिणी ताजी मासळी मांडून बसतात आणि गिऱ्हाइकांशी मोठ्या आवाजात घासाघीस करतात. दक्षिणेस टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द हे देवालय असून त्याच्या मनोऱ्यावर मरियेची सुवर्णाने मढविलेली मूर्ती आहे. दर्यावर जाणारे लोक तिला नवस बोलतात, आणि नवस फेडण्यासाठी आणलेल्या लहान लहान गलबतांच्या प्रतिकृती देवळात टांगलेल्या असतात. नवस बोलणे आणि फेडणे यांत माणसे सर्वत्र सारखीच, असे सौ. म्हणाली, आणि मला ते पटले.

या शहराने दुःखेही मोठी भोगली आहेत. १७२० साली पूर्वेकडून माल घेऊन आलेल्या एका गलबतातून येथे प्लेग शिरला, व नव्वद हजारांच्या वस्तीपैकी निम्मी माणसे त्यात दगावली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जर्मन सैन्याने जुन्या बंदरालगतच्या वस्तीतील माणसे हुसकावून सुमारे दीड हजार इमारती सुरुंगांनी उडवून दिल्या. आज तेथे युद्धानंतर बांधलेल्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या खाली माणसे उन्हात कॉफी पीत बसलेली असतात. ऊन हे तेथील लोकांना जणू वतनच वाटते. मात्र मधूनमधून उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून ‘मिस्त्राल’ नावाचा वारा सुटतो. आकाश निळे, ऊन लख्ख, आणि वारा असा की डोक्यावर टोपी राहील तर शपथ!

नाशिककराच्या दृष्टीने मार्सेयचे महत्त्व निराळे आहे. बरोबर आणलेल्या कागदावर मी दोन सनावळ्या लिहून ठेवल्या होत्या. पहिली १८३१ ची. इटलीतून परागंदा झालेल्या जोसेफ मॅझिनीने त्या वर्षी याच शहरात ‘तरुण इटली’ या संस्थेची स्थापना केली. त्या मॅझिनीचे चरित्र व लेख भगूरच्या विनायकराव सावरकरांनी मराठीत आणले, ते पुस्तक १९०७ साली त्यांचे वडील बंधू बाबाराव यांनी छापून प्रसिद्ध केले, आणि लवकरच सरकारने ते जप्त केले. नाशिकच्या मित्रमेळ्यातून उदयास आलेल्या ‘अभिनव भारत’ या संस्थेच्या नावातही त्या ‘तरुण इटली’चाच प्रतिध्वनी आहे.

दुसरी सनावळी ८ जुलै १९१० ची. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला, आणि पुढे लंडनमध्ये पकडलेल्या सावरकरांना खटल्यासाठी ‘मोरिया’ बोटीतून हिंदुस्थानात आणले जात होते. बोट मार्सेय बंदरात थांबली असता शौचकूपाच्या वाटोळ्या खिडकीतून त्यांनी पाण्यात उडी टाकली, धक्का गाठला आणि धाव घेतली. काही शे यार्डांवर एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि बोटीवर परत नेऊन दिले. लोककथेत त्या पोहण्याचे अंतर पुष्कळ वाढले आहे. वस्तुतः बोट बंदरातच उभी होती. परंतु त्या थोडक्या अंतराने एक मोठा प्रश्न उभा केला. फ्रान्सच्या भूमीवर पाय टेकलेल्या राजकीय कैद्याला ब्रिटिशांच्या हवाली करण्याचा अधिकार त्या शिपायाला होता काय? मादाम कामा यांनी धडपड केली, कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने वृत्तपत्रातून आवाज उठविला, आणि प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने अटकेत अनियमितपणा झाल्याचे मान्य केले, पण कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरविले. तोपर्यंत सावरकरांना दोन जन्मठेपींची, मिळून पन्नास वर्षांची, शिक्षा झालेलीही होती.

सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी या सभागृहातही मतभेद असतील व ते असू द्यावेत. मोठ्या आगबोटी जेथे लागत त्या ला जोलिएतच्या धक्क्यांकडे मुलीने आम्हांस नेले. आता तेथे कॉर्सिकाला व आफ्रिकेला जाणाऱ्या बोटी उभ्या असतात. त्या घटनेची पाटी आम्हांस कोठे दिसली नाही. पाण्याकडे पाहत मी मुलीला ही हकीकत सांगितली, आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आले की, पाच वर्षांत मी तिच्याशी प्रथमच इतका वेळ बोलत होतो.

मार्सेयहून पूर्वेस आगगाडीने थोडे गेले की ला सिओता हे लहानसे बंदर लागते. वाटेत पांढऱ्या चुनखडीचे उभे कडे समुद्रात उतरलेले असून त्यांच्या मधून निळ्या पाण्याच्या चिंचोळ्या खाड्या आत शिरतात. त्यांना ‘कालांक’ म्हणतात. ला सिओताच्या स्टेशनावर मी गाडीतून उतरलो तो जरा अदबीनेच. कारण याच फलाटावर गाडी येतानाचे दृश्य ल्युमिएर बंधूंनी आपल्या यंत्राने टिपले, आणि सिनेमाच्या इतिहासात ते अजरामर झाले. त्या बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईस वॉटसन हॉटेलात झाला. पुढे आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली यंत्रसामग्री आणण्यास विलायतेस गेले, १९१३ त त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, आणि त्याच वर्षी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशकास हलविला. ला सिओतात ‘एडन’ नावाचे जुने चित्रगृह निगुतीने दुरुस्त करून पुन्हा चालू ठेवले आहे. फाळक्यांच्या नाशकातील कारखान्याच्या आज काय खुणा उरल्या आहेत, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

आता आपल्यापैकी ज्यांची निफाड-दिंडोरीकडे बागाईत आहे त्यांच्यासाठी थोडे. प्रोव्हान्स प्रांतात द्राक्षमळ्यांना तोटा नाही. एका मळेकऱ्याने मुलीच्या मध्यस्थीने माझ्याशी तासभर गप्पा केल्या. आम्ही वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, हे ऐकून तो थक्क झाला. त्यांच्याकडे छाटणी हिवाळ्यात एकदाच, व तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात. याचे कारण भूगोलात आहे. तेथे थंडीत वेल आपण होऊन झोपी जातो आणि कोरड्या उन्हाळ्यात फळ पिकते. आपल्याकडे वेलाला झोप नाही, आणि उन्हाळ्याच्या पाठीवर पाऊस येतो. म्हणून कात्रीने वेलाचे वर्ष असे वळवावे लागते की, फळाचा हंगाम कोरड्या व थंड महिन्यांत पडावा. ज्या हवामानाचे धडे मी फळ्यावर लिहिले, त्यावर मात करण्याची युक्ती आपल्या शेतकऱ्याने हातात कात्री घेऊन साधली, हे मला तेथे जाऊन कळले.

आणखीही एक नाते आहे. १८६० नंतर दक्षिण फ्रान्सात वेलीच्या मुळ्या खाणारी ‘फायलोक्झेरा’ ही अमेरिकेतून आलेली कीड पसरली व मळेच्या मळे उजाड झाले. उपाय सापडला तोही अमेरिकेतच : तिकडच्या रानवेलीच्या खुंटावर आपल्या वाणाचे कलम. आज आपल्याकडे पाण्याच्या व क्षाराच्या त्रासावर ‘डॉगरिज’ खुंट वापरतात, तोही त्याच अमेरिकन वेलींच्या गोतातला. आपले बागाईतदार करप्या-दावण्यावर मोरचूद व चुन्याचे जे बोर्डो मिश्रण फवारतात, त्याचे नावच फ्रान्समधील शहराचे. कीडही समुद्र ओलांडून गेली आणि औषधही समुद्र ओलांडून आले.

खाण्यापिण्याची चिंता सौभाग्यवतीस फार होती, ती शाकाहारी. परंतु मार्सेयमध्ये ‘पानीस’ नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, गार झाल्यावर वड्या कापून तळतात. पहिला घास घेताच ती म्हणाली, “अहो, ही तर आपली पाटवडी! फोडणी तेवढी विसरली.” पुढे नीस शहरी ‘सोका’ मिळाला : बेसनाचे मोठे धिरडे, लाकडाच्या भट्टीत ऑलिव्ह तेलावर भाजलेले. नीस हे शहर १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राज्यात होते आणि गॅरिबाल्डीचा जन्म तेथलाच, ही माहिती मी सांगू लागलो. पण धिरड्यापुढे इतिहासाकडे कोणी लक्ष दिले नाही.

आता ज्या कारणाने मी गेलो त्याकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी मंडळाचे जुने दप्तर लावून ठेवण्याचे काम चिटणीसांनी मजवर सोपविले. त्यात १९१६ सालच्या सभांची वही होती. तीत मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात एक ठराव आढळला. माझ्या आजोबांचे धाकटे बंधू, आमचे धाकटे आजोबा, पहिल्या महायुद्धात लष्कराच्या रसद खात्यात कारकून म्हणून फ्रान्सला गेले होते. परतल्यावर त्यांनी समुद्रोल्लंघनाचे प्रायश्चित्त घेण्याचे नाकारले, सबब ते प्रायश्चित्त घेईपर्यंत ज्ञातीने त्यांच्याशी पंक्तिव्यवहार ठेवू नये, असा तो ठराव. खाली पाच सह्या. त्यांतील तिसरी सही माझ्या सख्ख्या आजोबांची.

मला धाकटे आजोबा चांगले आठवतात. मी आठ वर्षांचा असताना ते वारले. घरी लग्न असो, मुंज असो, ते सकाळपासून राबत, बाजार आणीत, वाढप्यांवर देखरेख करीत, पण पंगत बसली की म्हणत, “तुम्ही बसा, मी मागाहून बसतो.” आणि मग माजघरात एकटे जेवत. आम्हा मुलांना वाटे, त्यांना गर्दी आवडत नाही. ज्यांनी ठराव केला ती माणसे गेली, पुढच्यांना ठरावाची आठवणही उरली नाही. परंतु त्यांनी तो जन्मभर पाळला. सत्तेचाळीस वर्षे.

त्यांच्या पेटीत एक पोस्टकार्ड होते. त्यावर मार्सेयचे जुने बंदर व त्याच्या तोंडाशी एक उंच लोखंडी पूल. ते कार्ड खिशात घालून मी गेलो. पूल तेथे नाही. १९०५ साली बांधलेला तो पूल १९४४ त माघार घेणाऱ्या जर्मनांनी मोडला आणि उरलेला पुढे पाडण्यात आला. टेकडीवरची सोनेरी मूर्ती मात्र कार्डात आहे तशीच आजही आहे. १९१४ च्या सप्टेंबर अखेरीस हिंदी सैन्य याच बंदरी उतरले, बोरेली उद्यानात त्याचे तंबू पडले, आणि तेथून ते उत्तरेस बेल्जियमच्या बाजूच्या आघाडीवर गेले. शहराच्या दक्षिण भागात माझार्ग येथे युद्धातील मृतांचे स्मशानस्थान आहे. हिंदी शिपायांची, मजुरांची व खलाशांची शेकडो नावे तेथे आहेत. ज्यांचे दहन झाले त्यांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. १९२५ साली त्या स्मारकाचे उद्घाटन झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत भारताच्या पंतप्रधानांनी व फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तेथे पुष्पचक्रे वाहिली, आणि त्याच दौऱ्यात आपला वाणिज्य दूतावासही मार्सेयमध्ये सुरू झाला.

त्या दगडांवर धाकट्या आजोबांचे नाव नाही. ते जिवंत परतले होते. गवत नीट कापलेले, गुलाबाची रोपे लावलेली, एकही नाव पुसट झालेले नाही. परक्यांनी आपल्या मृतांची नावे शंभर वर्षे जपून ठेवली, आणि आपण आपल्या जिवंत माणसाला सत्तेचाळीस वर्षे माजघरात बसविले, हा विचार मनात आला तेव्हा मला उभे राहवेना. मुलीने हात धरून बाकावर बसविले. तेथे मी तिला विमानतळावर न आल्याबद्दल क्षमा मागितली. तिने काय उत्तर दिले ते घरगुती आहे.

ज्ञातीने समुद्रोल्लंघनाबद्दल बहिष्कृत केलेली माणसे थोडीथोडकी नव्हती. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा एक तरुण विलायतेस निघाला तेव्हा मुंबईतील त्याच्या ज्ञातीने त्याला वाळीत टाकले. १८९१ त तो परतला, आणि ज्ञातीच्या समाधानासाठी त्याच्या वडील भावाने त्याला आधी येथे, आपल्या नाशकास आणून, गोदावरीत स्नान घडविले, मग राजकोटास ज्ञातिभोजन घातले. तरीही ज्ञातीतील एका तटाने त्याला स्वीकारले नाही. आणि त्यानेही ती बंदी मानून सासुरवाडीस व बहिणीच्या घरी पाणीदेखील घेतले नाही. त्या भावाने आपल्या भावासाठी प्रायश्चित्ताचा खर्च सोसला. माझ्या आजोबांनी भावाविरुद्ध सही केली. कोणत्या दडपणाखाली केली हे मला ठाऊक नाही, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकारही नाही. पाच वर्षे घरी बसून मी दुसरे काय केले?

आज आपल्या मंडळाच्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी परदेशी आहे. याच स्मरणिकेच्या पानांत त्यांच्या अभिनंदनाच्या चौकटी आपण आनंदाने छापतो. परंतु १९१६ चा तो ठराव आजही वहीत उभा आहे. तो कोणी मागे घेतलेला नाही; लोक केवळ तो विसरले. विसरणे सोपे असते, कारण त्यात कोणाला चूक कबूल करावी लागत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. ती वही मी आज बरोबर आणली आहे. तिच्यात अखेरची काही पाने कोरी आहेत. त्यांपैकी एका पानावर आजच्या तारखेने असा ठराव लिहिला जावा की, समुद्र ओलांडल्याच्या कारणावरून या मंडळाने आपल्या सभासदावर घातलेला बहिष्कार अन्यायाचा होता, व तो मंडळ मागे घेत आहे. जुना ठराव खोडू नये, पान फाडू नये. पुढच्यांनी दोन्ही वाचावेत. ज्या पाचजणांच्या खाली सह्या आहेत त्यांपैकी एकाचा नातू या नात्याने हा ठराव मी मांडीत आहे. उरलेल्या चौघांच्या घरांतील मंडळीही समोर बसली आहेत, हे मला ठाऊक आहे. मी त्यांची नावे घेणार नाही. त्यांच्यापैकी कोणी तरी उठून अनुमोदन द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.